एक किलोमीटरच्या आत

महापालिकेच्या ऑफिसात मी कुत्र्यांचे कागद बघायचे. कोणी कुत्रा पाळला तर त्याचा परवाना, कोणाला चावला तर त्याची तक्रार, नसबंदीच्या गाडीच्या फेऱ्या. नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची, दर सहा महिन्यांनी सही होऊन पुढे जाणारी. डुकरांचा कागद माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. आणि माझ्या घरी डुकरं आहेत हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं.

आमचं घर उत्तनच्या पुढे, समुद्राच्या बाजूला. बाबा असताना बोटीवर जायचे. ते गेल्यावर आयने घरामागे विहिरीच्या पलीकडे खोप बांधली आणि डुकरं वाढवायला लागली. त्या वर्षी खोपीत दोन डुकरिणी होत्या आणि चार मोठी होत आलेली पिल्लं. गावातलीच माणसं लग्नासाठी, नाताळासाठी आधीपासून सांगून ठेवायची. शाळेत असताना बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा नाक धरून जागा बदलली होती. तेव्हापासून हा विषय मी गावाबाहेर नेत नसे.

नाताळ महिन्यावर आला होता तेव्हा शहरातल्या हाटकेश भागाच्या मागच्या बाजूला, गाळ्यांच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत डुकरं मरायला लागली. आधी दोन मेली, मग एका दिवसात सात. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिकडून कागद आला, आफ्रिकन स्वाइन फिवर. त्या दुपारी पशुसंवर्धनच्या डॉक्टर मॅडम आमच्या ऑफिसात आल्या. रत्नागिरीकडच्या, बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी आम्हा सात-आठ जणांना मीटिंगच्या खोलीत बसवलं आणि नियम सांगितले.

"हा माणसाला होत नाही, आधी ते डोक्यातून काढा. पण डुकराला झाला की लस नाही, औषध नाही. जिथे सापडला तिथून एक किलोमीटर, ते बाधित क्षेत्र. त्यातलं प्रत्येक डुक्कर जाणार. आजारी असो, धडधाकट असो. दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. तिथून डुक्कर हलवायचं नाही, विकायचं नाही, कापायचं नाही, मटणाची दुकानं बंद."

मग त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं. "आणि हा आजार पायाने चालतो. डुकराच्या नव्हे, आपल्या. चपलेला, बुटाला, टायरला, कपड्याला लागून जातो. म्हणून टीममधल्या कोणीही पुढचे तीन दिवस दुसऱ्या कुठल्याही डुकराजवळ जायचं नाही. कोणाच्या घरी डुकरं आहेत का?"

सगळे हसले. एक शिपाई म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बायको आहे." पुन्हा हसले. मीही हसले. हात वर केला नाही.

खरं तर तेव्हा मला एवढंच सांगायचं होतं, की हो मॅडम, आहेत, मी ऑफिसातच बसून लिखाण करते. कोणी खाऊन टाकलं नसतं. पण ते हसू अजून खोलीत होतं आणि माझा हात मांडीवरून उठला नाही. मनात म्हटलं, मी खोपीकडे जाणारच नाही ना. तीन दिवस तर आहेत.

पंचनामा लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या जागेवर गेलो. पांढरे प्लास्टिकचे सूट, गमबूट, दोन-दोन हातमोजे. आत शिरताना आणि बाहेर पडताना औषधाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवायचे. जेसीबीने आदल्या दिवशीच खड्डा खणून ठेवला होता, त्याच्या कडेला चुन्याच्या गोण्या रचल्या होत्या. मी पॅड घेऊन उभी. रंग, नर की मादी, अंदाजे वजन. मॅडम सांगायच्या, मी लिहायचे.

ज्याची डुकरं होती तो म्हातारा एका पत्र्याच्या ड्रमवर बसून होता. शेवटी त्याच्याकडे एकच पांढरं पिल्लू उरलं, शेपटी हलवत फिरणारं. त्याने खिशातून केळं काढलं, सोललं आणि पिल्लापुढे धरलं. पिल्लू ते मचमच खायला लागलं.

"देखो मॅडम, ये तो खा रहा है," तो मॅडमना म्हणाला. "बीमार होता तो खाता क्या?"

मॅडम त्याच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. "चाचा, बीमार नहीं है. पर नियम में सब आते हैं. इसको छोडा तो ये दस जगह ले जाएगा."

त्याने केळ्याचं साल घडी घालून खिशात ठेवलं आणि तोंड फिरवलं. मी पॅडवर लिहिलं: पांढरा, नर, अंदाजे आठ किलो. माझं अक्षर एरवी चांगलं आहे. त्या ओळीवर ते मलाच नीट लागत नव्हतं.

संध्याकाळी सूट तिथेच खड्ड्यात टाकले. हातपाय औषधाने धुतले. माझ्या स्वतःच्या सँडल गाडीत ठेवल्या होत्या, त्या घालून मी बस पकडली. पण दुपारी जेवायला बाहेर आले होते तेव्हा गमबूट काढून त्याच सँडल घालून मी गेटजवळच्या नळापर्यंत गेले होते. तिथून मेलेली डुकरं उचलून नेली होती, माती अजून ओली होती. हे मला बसमध्ये आठवलं नाही. आठवलं ते घरी पोचल्यावर, आणि ते कसं, ते सांगते.

गेटमधून आत शिरते तोच घरामागून आयचा ओरडा. मोठ्या डुकरिणीने खोपीचं दार उचकटलं होतं आणि ती शेजारच्या काकांच्या वालाच्या वाफ्यात शिरली होती. काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचीही पाच-सहा डुकरं, त्यांची खोप आमच्या खोपीला लागून, मध्ये फक्त एक कुंपण. आय एका बाजूने काठी घेऊन धावत होती.

"गो, तिकडशी ये! तिकडशी अडव!"

मी बॅग टाकली आणि धावले. दोघींनी मिळून डुकरिणीला वाफ्यातून हाकललं, खोपीत ढकललं. मी आत शिरून तिच्या ढुंगणाला गुडघा लावून रेटलं. आयने दार ओढलं, तार गुंडाळली. मी धापा टाकत खाली बघितलं. माझे पाय खोपीच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतले होते आणि पायांत त्याच सँडल होत्या.

नळ. ओली माती. सगळं एकदम आठवलं. आय हसत होती, "काय वजन वाढलाय तिचा, बघितलास?" आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी विहिरीवर जाऊन सँडल घासल्या, ब्लीचिंग पावडर लावली, पुन्हा घासल्या. नंतर पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या कचराकुंडीत टाकल्या. पण चिखलात जे गेलं असेल ते काही मला घासून काढता येत नव्हतं.

आयला सांगितलं नाही. मॅडमना सांगितलं नाही. काही झालंच नसेल, असं स्वतःला सांगत राहिले. आणि रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी खोपीबाहेर उभी राहून मोजायला लागले. सहा. सहाही उभी आहेत. सहाही खातायत. कान बघायचे, कान लाल किंवा जांभळे होतात असं मॅडमनी सांगितलं होतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात डुकराचे कान तसेही लालसर दिसतात. रोज मी कुंपणावर वाकून पुन्हा बघायचे आणि रोज ते उन्हच असायचं.

आय म्हणाली, "आज काय डुकरांचा लय प्रेम आलाय तुला?"

"असंच," मी म्हटलं.

ऑफिसात मॅडमच्या सांगण्यावरून मी फोनवरच्या नकाशात बाधित क्षेत्राचा गोल काढला होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मी तसाच एक गोल आमच्या घराभोवती काढून बघितला. का काढला कोण जाणे. गोलात काकांचं घर आलं. चर्चच्या मागची पूर्ण आळी आली. माझ्या मोठ्या बहिणीची गॉडमदर आली, जी विधवा आहे आणि जिच्याकडे दोनच डुकरं आहेत. मासळी सुकवायच्या मैदानापलीकडची घरंही आली. प्रत्येक घरात कोणाची किती डुकरं हे मला तोंडपाठ होतं. ती सगळी एका ओळीत, रंग, नर की मादी, अंदाजे वजन, अशी डोळ्यापुढे यायला लागली. डबा तसाच बंद केला.

सहाव्या दिवशी मोठी डुकरीण उठली नाही.

सकाळी आयने पेज आणि कोंडा ओतला. बाकीची धावली. ही कोपऱ्यात आडवी, पोट भात्यासारखं वरखाली. आयने काठीने डिवचलं तर मान उचलली आणि पुन्हा खाली टाकली. नाकातून पाणी येत होतं. कान? मी वाकून बघितलं. लाल होते. या वेळी ऊन नव्हतं, खोपीत सावली होती.

मी कुंपणाला धरलं. आय काकांना हाक मारायला गेली आणि मी तिला अडवलं नाही, त्या कानांकडेच बघत राहिले. काका आले, सरळ आत शिरले, डुकरिणीच्या अंगावर हात ठेवला. तोच हात घेऊन ते आता पलीकडे त्यांच्या खोपीत जाणार होते.

"अंग तापलाय," काका म्हणाले. "वहिनी, ही काय वाचत न्हाय. मरायच्या अगोदर कापून टाकू. नाताळाला सांगितलेल्या लोकांना आजच वाटू, फ्रिजात ठेवतील. मेली तर फुकट जाईल."

आय तिच्याकडे बघत होती. चार वर्षं सांभाळलेली. "आता काय करणार," ती म्हणाली. "कापा."

मॅडमनी सांगितलेलं सगळ्यात वाईट ते हेच होतं. आजारी डुक्कर कापणं. मटण घराघरांत जाणार, धुतलेलं पाणी गटारात, हाडं कुत्र्यांना, उरलेलं पुन्हा डुकरांच्या बादलीत. दहा किलोमीटरच्या बंदीची नोटीस आमच्या आळीपर्यंत अजून पोचली नव्हती. काका सुरा आणायला वळले.

"काका, नको!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने की पलीकडच्या अंगणातली बाई बाहेर आली. "हात लावू नका. तुमच्या डुकरांकडे जाऊ नका. तिथेच थांबा."

"का? काय झाला तुला?"

आणि मग मी सांगितलं. हाटकेश, खड्डा, नळ, सँडल. सांगताना मी आयकडे बघत नव्हते, काकांच्या हाताकडे बघत होते. काकांनी तो हात हळूच लुंगीला पुसला आणि मग लुंगीकडे बघितलं.

"म्हंजे तू आणलास," ते म्हणाले. "सहा दिस तुला माहीत होता आणि तू गप बसलीस."

"माहीत नव्हतं. भीती होती."

"त्योच तर."

आय विहिरीच्या कट्ट्यावर बसली आणि पदराच्या टोकाची गाठ मारत राहिली, सोडत राहिली.

मी मॅडमना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत कोण कोण गेलं होतं?"

"आई, काका, मी."

"तिघांनी तिथून हलायचं नाही. कोणाला आत येऊ देऊ नका. मी येते." आणि मग, थोड्या वेगळ्या आवाजात, "मी विचारलं होतं ना गं तुम्हाला सगळ्यांना."

"हो मॅडम."

त्या दोन तासांत आल्या. तेच पांढरे सूट घातलेली माणसं आमच्या गेटमधून आत आली आणि मी त्यांच्या बाजूला नव्हते, ड्रमवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या बाजूला होते. रक्ताचे नमुने घेतले, आमच्या सहांचे आणि काकांच्या डुकरांचेही. दोन्ही खोपींत फवारणी झाली. गेटवर औषधाच्या पाण्याने भिजवलेलं गोणपाट टाकलं, येता-जाता त्यावर पाय द्यायचा. रिपोर्ट येईपर्यंत एकही डुक्कर गावातून हलणार नाही, असं मॅडमनी आळीतल्या लोकांना गेटबाहेर उभं राहून सांगितलं. नियमाने जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती, तोवर काकूने सगळ्या आळीला सांगून झालं होतं.

पुढचे पाच दिवस मी घरात होते. ऑफिसातून निरोप आला होता, येऊ नका. रोज कोणीतरी गेटपलीकडून विचारायचं, "आला काय कागद?" त्यात राग होता की काळजी ते कळायचं नाही. बहिणीची गॉडमदर एकदा आली, गोणपाटाच्या पलीकडेच थांबली. तिने ओरडून विचारलं, "माझी पण नेतील?" मी म्हटलं, "कागद आल्याशिवाय काही नाही नेणार." ती तशीच उभी राहिली. जाताना म्हणाली, "मी रोज माळ जपतेय. तुज्यासाठी पण."

मला ते सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डुकरीण मेली. आय तिच्याजवळच होती, तोंडावर फडकं बांधून. मॅडमच्या माणसांनी घरामागेच खोल खड्डा खणला, चुना टाकला, तिला घातलं, वर पुन्हा चुना. तिथे कोणीतरी पॅड घेऊन उभा होता आणि लिहीत होता. काळी, मादी. वजनाला तो अडखळला, आणि आय पहिल्यांदा बोलली. "एकशे दहा," ती म्हणाली. "लिव."

त्या रात्री जेवायला आम्ही दोघीच होतो. आयने मला ताटात मासा वाढला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "जेव. रडून कागद लवकर येणार न्हाय."

"तू मला काही बोलत का नाहीस?"

तिने माशातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "काय बोलू? डुकरांची लाज वाटते तुला, हे मना शाळेपासून माहीत हाय. मीच कधी विचारला न्हाय."

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्याही क्षणी माझं अर्धं लक्ष बाहेर होतं. खोपीतून खोकल्यासारखा आवाज आला होता का? मी उठून खिडकीशी गेले. पाचही उभी होती.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. स्क्रीनवर मॅडमचं नाव बघून मी तो उचललाच नाही, हातात धरून उभी राहिले. आयने माझ्या हातातून घेतला, हिरवं बटण दाबलं आणि पुन्हा माझ्या कानाला लावला.

"निगेटिव्ह," मॅडम म्हणाल्या. "सगळे. ऐकतेयस का? सगळे निगेटिव्ह. तुमच्या डुकरिणीला दुसरंच काहीतरी होतं, फुप्फुसाचं असावं. आफ्रिकन नाही."

मी खाली बसले. अंगणात, जमिनीवर. आय वर बघून काहीतरी पुटपुटली, मग खोपीकडे गेली आणि बादली उचलली, कारण डुकरांची खायची वेळ झाली होती.

त्यानंतर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही असं नाही, पण भीती एकदम गेली नाही. ती जाताना पण वेळ घेते. आमचं गाव हाटकेशपासून दहा किलोमीटरच्या निगराणीत येत असल्यामुळे त्या नाताळात आमच्या आळीत कोणाच्याच घरी डुक्कर कापलं गेलं नाही, सगळ्यांनी कोंबडी केली. काही जण त्याचाही राग माझ्यावर धरून होते. तो नियम हाटकेशमुळे होता, माझ्यामुळे नव्हता, पण हे समजावत कुठे फिरणार? ऑफिसात मी लेखी जबाब दिला, जसं घडलं तसा. मॅडमनी तो वर पाठवला. मला फिल्डच्या कामातून काढलं आणि पुन्हा कुत्र्यांच्या कागदांवर बसवलं. सहा महिन्यांनी सही होईल की नाही, माहीत नव्हतं. झाली. मॅडमनी माझ्यासाठी शब्द टाकला की नाही, मी कधी विचारलं नाही. शिपायाने एकदा चहा पिताना विचारलं, "तुमच्या घरी खरंच डुकरं आहेत?" मी म्हटलं, "हो, पाच. आईची." तो म्हणाला, "आमच्या गावी बकऱ्या आहेत," आणि विषय संपला. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

काका मात्र माझ्याशी बोलेनात. आयशी बोलायचे, मी अंगणात आले की आत जायचे. पावसाळा लागला तरी तसंच.

मग एका रविवारी, चर्चहून येऊन मी कपडे बदलत होते तेव्हा दारात काका. घामाघूम. लुंगी गुडघ्यावर खोचलेली. आत आले नाहीत.

"माझी एक खात न्हाय," ते म्हणाले. "कालपासना."

त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला नीट ओळखू येत होतं.

"कोणी हात लावला?" मी विचारलं.

"मीच. अजून कुणी न्हाय. काकूला बी जवळ जाऊ दिला न्हाय." मग ते जरा घुटमळले. "सकाळी एक जण बोलला, कापून टाक, गुपचूप वाट. मी म्हटला, न्हाय." त्यांनी पायातली माती अंगठ्याने खरवडली. "तुज्या मॅडमला फोन लावशील? मना त्यांच्याशी नीट बोलता येत न्हाय."

रविवार होता. मॅडम उचलतील की नाही याची खात्री नव्हती. तरी मी फोन घेतला. बोट दोनदा चुकीच्या नावावर लागलं. काका दारात उभे होते, मी काय बोलते ते ऐकायला मान पुढे करून. तिसऱ्या रिंगला मॅडमनी उचलला.

"मॅडम, काकांकडची एक खात नाहीये," मी म्हटलं. "कालपासून. त्यांनी लगेच सांगितलंय."